सँडविच, पाव आणि भाकरी : रंजक माहितीची ऐतिहासिक चिकित्सा
(विशेष संदर्भ : जळगाव व धुळे जिल्हे)

सूचक शब्द : सँडविच, पाव, कळण्याची भाकरी, रोटीबंदी, खान्देश, खाद्यसंस्कृती

प्रस्तावना

वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या, सामान्यज्ञानाच्या पुस्तिका आणि महाविद्यालयीन प्रश्नमंजुषा यांतून सँडविचविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. इंग्लंडमधील एक उमराव जुगाराच्या टेबलावरून उठायला तयार नव्हता. त्याने पावाच्या दोन कापांत मांस घालून मागवले आणि त्यातून सँडविच जन्मास आले. ही गोष्ट सुटसुटीत, रंजक आणि लक्षात राहणारी आहे. म्हणूनच तिची चिकित्सा सहसा होत नाही. रंजक माहिती ही इतिहासाची शत्रू नव्हे. परंतु ती इतिहासाचा पर्यायही नव्हे. कोणती गोष्ट लक्षात ठेवली जाते आणि कोणती विसरली जाते, याचा शोध घेतला म्हणजे अशा किरकोळ वाटणाऱ्या माहितीतूनही समाजरचनेचे दर्शन घडते.

खान्देशात या विषयाला विशेष महत्त्व आहे. एकीकडे जळगाव व धुळे शहरांतील महाविद्यालयांच्या उपाहारगृहांत टोस्ट सँडविच आणि वडापाव रुळले आहेत. दुसरीकडे कळण्याची भाकरी, भरीत आणि मिरचीचा ठेचा ही या भूमीची ओळख मानली जाते. पहिले परके आणि दुसरे आपले, अशी विभागणी सहज केली जाते. ही विभागणी ऐतिहासिक कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सँडविचविषयीच्या प्रचलित कथांमधील तथ्य व आख्यायिका वेगळ्या करणे.
२) महाराष्ट्रात पावाच्या स्वीकाराला झालेल्या सामाजिक विरोधाचे स्वरूप तपासणे.
३) खान्देशातील भाकरीची परंपरा आणि पाव यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साधनांचा आधार घेतला आहे.

उमरावाची कथा आणि तिचा पुरावा

जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) हा सँडविचचा चौथा अर्ल होय. सँडविच हे मुळात इंग्लंडमधील केंट परगण्यातील एका गावाचे नाव. त्या नावाचा संबंध वाळूशी आहे. म्हणजेच आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थाच्या नावात खाण्याचा कोणताही निर्देश नाही. याच अर्लच्या सन्मानार्थ कॅप्टन जेम्स कुक याने १७७८ मध्ये हवाई बेटांना 'सँडविच बेटे' असे नाव दिले होते. बेटांचे ते नाव मागे पडले. पदार्थाचे मात्र टिकले.

या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या रोजनिशीत आढळतो. २४ नोव्हेंबर १७६२ रोजी लंडनमधील एका क्लबमध्ये प्रतिष्ठित मंडळी रात्री थंड मांस किंवा सँडविच खात असल्याची नोंद त्याने केली आहे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणाऱ्या विद्वानाच्या लेखणीतून हा शब्द प्रथम उतरावा, ही इतिहासाच्या अध्यापकांना सुखावणारी बाब आहे. जुगाराची कथा मात्र पिएर-जाँ ग्रोस्ले या फ्रेंच प्रवाशाने सांगितली. तो १७६५ मध्ये लंडनला गेला होता आणि त्याचे पुस्तक १७७० मध्ये प्रसिद्ध झाले. एका मंत्र्याने जुगाराच्या टेबलावर चोवीस तास घालविले, असे त्याने ऐकीव माहितीवरून लिहिले. अर्लचे आधुनिक चरित्रकार एन. ए. एम. रॉजर यांनी या कथेविषयी शंका व्यक्त केली आहे. अर्ल त्या काळात शासनातील जबाबदारीच्या पदांवर होता. कामाच्या टेबलावर बसूनच तो असे जेवण घेत असण्याची शक्यता अधिक, असे त्यांचे मत आहे.

दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. खाणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले; पाव भाजणाऱ्याचे, मांस कापणाऱ्याचे आणि ते दोन्ही एकत्र करून आणून देणाऱ्या नोकराचे नाव कोठेही नाही. शिवाय भाकरीसारख्या पदार्थात दुसरा पदार्थ घालून खाण्याची रीत अर्लच्या पूर्वी शेकडो वर्षे अस्तित्वात होती. ज्यू परंपरेत हिलेल या इसवी सनाच्या प्रारंभकाळातील धर्मगुरूंच्या स्मरणार्थ वल्हांडण सणात बेखमिरी भाकरीत कडू पाला घालून खाण्याची प्रथा आहे. तात्पर्य, अर्लने पदार्थ शोधला नाही. त्याने त्याला नाव मिळवून दिले.

सँडविच कशाला म्हणावे?

हा प्रश्न वरवर पाहता विनोदी वाटतो. परंतु तो न्यायालयांपर्यंत गेला आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यायालयाने, मेक्सिकन पद्धतीच्या पोळीत गुंडाळलेला 'बरिटो' हा सँडविच नव्हे, असा निर्णय दिला. सँडविचसाठी पावाचे दोन काप आवश्यक आहेत, असे तेथे मानले गेले. याउलट २०२४ मध्ये इंडियाना राज्यातील न्यायाधीशांनी टॅको आणि बरिटो हे मेक्सिकन पद्धतीचे सँडविचच आहेत, असे म्हटले. दोन्ही खटल्यांच्या मुळाशी दुकानाच्या जागेचा व्यावसायिक वाद होता.

भारतातही असे वर्गीकरण निरुपद्रवी राहिलेले नाही. २०२० मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने तयार पराठा हा रोटी या वर्गात मोडत नाही, असे ठरवून त्यावर पाचऐवजी अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागू होतो, असा निर्णय दिला. त्यावर देशभर चर्चा झाली. पुढे सप्टेंबर २०२५ पासून रोटी व पराठा हे दोन्ही करमुक्त करण्यात आले. पदार्थाला काय म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न अशा रीतीने अर्थकारणाचा आणि सत्तेचा प्रश्न ठरतो.

दोन कापांची अट बाजूला ठेवली, तर खान्देशातील शेतमजुराची न्याहारी सँडविचच्या अगदी जवळ जाते. हातावर घेतलेली भाकरी, तिच्यावर ठेचा, सोबत कांदा. ताट नाही, वाटी नाही, बसण्यास पाटही नाही. येथे भाकरी हेच ताट आहे आणि भाकरी हेच अन्न आहे. कामाची जागा न सोडता खाता यावे, ही जी गरज अर्लला लंडनमध्ये भासली, तीच कपाशी वेचणाऱ्या स्त्रीला बांधावर भासत आली आहे. फरक इतकाच, की त्या स्त्रीच्या नावाने भाकरी ओळखली गेली नाही.

पाव : शब्द, पदार्थ आणि धास्ती

'पाव' हा शब्द पोर्तुगीज 'पांव' या शब्दावरून आला असून त्याचे मूळ लॅटिन 'पानिस' या शब्दात आहे. पायाने कणीक तुडवितात म्हणून पाव, किंवा लादीचा चौथा भाग म्हणून पाव, अशा ज्या व्युत्पत्ती सांगितल्या जातात, त्या लोकव्युत्पत्ती होत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकल्यानंतर तेथे गव्हाच्या आंबविलेल्या पावाची भट्टी सुरू झाली. यीस्टऐवजी माडाच्या सुरेचा उपयोग करून कणीक आंबविण्याची युक्ती तेथे रूढ झाली. 'पोदेर' हा गोव्यातील पाववाल्यासाठीचा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आला. साष्टी भागातील ख्रिस्ती बेकरीवाल्यांनी पुढे मुंबईत हा व्यवसाय नेला. गोमंतकीय ख्रिस्ती माणसाला मुंबईत 'माकापाव' असे हेटाळणीने म्हटले जाई. त्यावरून पाव हा केवळ पदार्थ नसून समाजाची खूण कसा बनला होता, हे दिसून येते.

महाराष्ट्र व गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक कथा येथे विचारात घेणे आवश्यक आहे. विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्याले आणि सारा गाव बाटला, अशी ती कथा होय. प्रत्येक ठिकाणी असे घडले की नाही, हा येथे मुख्य मुद्दा नाही. पावाच्या एका तुकड्याने माणसाचा धर्म जाऊ शकतो, यावर समाजाचा विश्वास होता आणि एकदा गेलेल्याला परत येण्याचा मार्ग स्वजातीयांनीच बंद ठेवला होता, हे ती कथा सांगते. पावाची शक्ती पावात नव्हती. ती रोटीबंदीच्या नियमात होती.

हे ज्यांनी अचूक ओळखले, त्या सुधारकांनी पावालाच साधन बनविले. दादोबा पांडुरंग तर्खडकर आदींच्या पुढाकाराने १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने तयार केलेला पाव खावा लागे. जातिभेद मानीत नाही, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. सभेचे कामकाज गुप्त चाले. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर पडली आणि सभा मोडली. पावाचा तुकडा खाण्याचे धैर्य होते. ते उघड झाल्यावर होणारा बहिष्कार सोसण्याचे धैर्य सर्वांपाशी नव्हते.

त्यानंतर तीस वर्षांनीही परिस्थिती फारशी बदलली नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये अनेक प्रतिष्ठित गृहस्थांना चहा-बिस्किटे देण्यात आली. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही होते. गोपाळराव जोशी यांनी ही बातमी जाहीर केली आणि 'ग्रामण्य' उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपुढे गेले. प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. सुधारक आणि राष्ट्रीय पक्ष या दोन्ही बाजूंच्या अग्रणींना एका चहाच्या पेल्याने समाजापुढे उत्तरे द्यावयास लावली. आज बेकरीतील खारी चहात बुडवून खाताना या इतिहासाची आठवण कोणास होत नाही, हेच त्या चळवळींचे यश म्हटले पाहिजे.

खान्देश : कापूस, रेल्वे आणि खाण्याची वेळ

खान्देशात पाव कसा रुजला, याचा विचार रेल्वे आणि कापूस यांना वगळून करता येत नाही. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशात आली. १८७० मध्ये मुंबई–कोलकाता लोहमार्ग भुसावळ व जबलपूर मार्गे पूर्ण झाला आणि भुसावळ हे मोठे रेल्वे केंद्र बनले. १९०० मध्ये चाळीसगाव–धुळे शाखा सुरू झाली. ताप्ती खोऱ्यातील सुरत–जळगाव मार्गही त्याच सुमारास पूर्ण झाला. रेल्वेबरोबर युरोपीय व अँग्लो-इंडियन कर्मचारी, त्यांच्या वसाहती आणि स्थानकांवरील उपाहारगृहे आली. त्याच स्थानकांवर 'हिंदू पाणी' व 'मुसलमान पाणी' वेगवेगळे दिले जात असे. एकाच डब्यातून प्रवास करणारा समाज एकाच घड्यातील पाणी पिण्यास तयार नव्हता, ही विसंगती लक्षणीय आहे.

कापसाचा संबंध आणखी एका रंजक कथेशी जोडला जातो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, मुंबईतील कापसाचे भाव गगनाला भिडले, दलाल रात्री उशिरापर्यंत तारांची वाट पाहू लागले आणि त्यांच्यासाठी पावभाजी तयार झाली, असे सांगितले जाते. कापसाची तेजी व १८६५ मधील मंदी हा निर्विवाद इतिहास आहे. खान्देश हा त्या कापसाच्या प्रमुख पुरवठादार प्रदेशांपैकी एक होता. पावभाजीविषयीचा भाग मात्र समकालीन पुराव्याविना पुनःपुन्हा सांगितला जातो. म्हणून तो आख्यायिका याच सदरात ठेवणे इष्ट ठरते. या कथेतही दलाल आहे, तार आहे, पाव आहे. कापूस पिकविणारा खान्देशी शेतकरी त्या रात्री काय खात होता, हे तिच्यात नाही.

त्याचे उत्तर खान्देशच्या स्वयंपाकात सापडते. हिवाळ्यात वांगी भाजण्यासाठी येथे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला जातो. भाजलेली वांगी लाकडी बडगीत मुसळाने ठेचून भरीत करतात आणि ते कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर खातात. ज्या कपाशीची रुई मुंबईमार्गे साता समुद्रांपलीकडे गेली, तिच्याच काड्यांवर शेतकऱ्याच्या घरचे भरीत भाजले गेले. 'जळगाव भरीत वांगी' यांस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमळनेरला प्रताप मिल सुरू झाली. जळगाव व धुळे येथेही कापड गिरण्या होत्या. गिरणीच्या भोंग्याने जेवणाची वेळ ठरविली. शेतात सूर्य पाहून सोडली जाणारी भाकरीची गाठोडी गिरणीत घड्याळाच्या काट्यावर सुटू लागली. पटकन खाता येणाऱ्या, उभ्याने खाता येणाऱ्या पदार्थाची गरज येथे निर्माण झाली. सँडविच, पाव आणि वडापाव यांच्या प्रसारामागे चवीपेक्षा वेळेचे हे नवे शिस्तशास्त्र अधिक प्रभावी होते.

वडापाव आणि कापलेला ब्रेड

वडापावाचा प्रारंभ १९६६ मध्ये दादर रेल्वे स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी केला, असे सामान्यतः मानले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. संपानंतर बेकार झालेल्या अनेकांना वडापावाच्या गाडीने आधार दिला. जो पदार्थ कामगार कामावर जाताना खात होता, तोच काम गेल्यावर विकू लागला.

चौकोनी, कापलेल्या ब्रेडचा इतिहास निराळा आहे. ओटो रोवेडर याने तयार केलेल्या यंत्रावर कापलेला ब्रेड अमेरिकेतील मिसुरी राज्यात ७ जुलै १९२८ रोजी प्रथम विक्रीस आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जानेवारी १९४३ मध्ये, तेथे कापलेल्या ब्रेडवर बंदी घालण्यात आली. गृहिणींच्या नाराजीमुळे ती दोन महिन्यांतच मागे घ्यावी लागली. भारतात १९६५ मध्ये 'मॉडर्न बेकरीज' ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि वेष्टनातील ब्रेडचा प्रसार वाढला. २००० मध्ये ही कंपनी खासगी क्षेत्राकडे गेली. बटाटा, काकडी, बीट, टोमॅटो आणि हिरवी चटणी घातलेले शाकाहारी 'मुंबई सँडविच' याच ब्रेडवर उभे राहिले. मांसाच्या तुकड्यासाठी जन्मलेला पदार्थ येथे उपवासाचे दिवस वगळता कोणासही चालेल असा झाला.

देशी कोण, परदेशी कोण?

पाव परका आणि भाकरी आपली, या समजुतीची आता तपासणी करता येईल. वडापावातील पाव, बटाटा आणि मिरची या तिन्हींचा आपल्याकडील प्रवेश पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचा आहे. 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. परंतु हाच न्याय ठेच्यास लावला, तर मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही अमेरिका खंडांची देणगी ठरतात. म्हणजे खान्देशी ठेचा आजच्या स्वरूपात पाचशे वर्षांहून जुना असू शकत नाही. ज्वारी पुष्कळ प्राचीन असली तरी तिचे मूळ आफ्रिकेत आहे. उडीद मात्र याच उपखंडातील. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी ही म्हणूनच आफ्रिका आणि भारत यांचा मिलाफ होय. वांग्याला येथील मातीत दीर्घ परंपरा आहे. त्याच्या भरितात पडणारी मिरची समुद्र ओलांडून आली. अन्नाच्या बाबतीत 'मूळचे' हा शब्द सावधगिरीने वापरावा लागतो, तो यासाठी.

भाकरीदेखील सामाजिक बंधनांपासून मुक्त नव्हती. कोणाच्या हातची भाकरी कोणी खावी, हे जातीने ठरविले होते. म्हणूनच समतानंद अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीची जाहीर सहभोजने घडवून आणली, तेव्हा साध्या भाकरीलाही परमहंस सभेतील पावाचेच कार्य करावे लागले. १९९५ नंतर राज्य शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. पुढे ही योजना टिकली नाही आणि अनेक ठिकाणी त्या जागांवर इतर खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले. भाकरी थापण्यास लागणारे कौशल्य, वेळ आणि श्रम यांची किंमत एक रुपयात बसत नव्हती. घरात ते श्रम विनामूल्य मानले जात होते, इतकेच.

याच संदर्भात बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे स्मरण होते. जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या या निरक्षर कवयित्रीने चूल, जाते आणि शेत यांच्या सान्निध्यात रचना केल्या. घरातील जाणत्यांनी त्या वेळीच टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकल्या. जे टिपले गेले ते राहिले. तिच्याच पिढीतील असंख्य स्त्रियांचे पाकज्ञान, त्यांच्या मापांसह आणि शब्दांसह, कोणी टिपले नाही.

निष्कर्ष

१) सँडविचच्या उगमाची जुगाराची कथा ऐकीव माहितीवर आधारलेली आहे, शब्दाचा १७६२ मधील लेखी उल्लेख मात्र विश्वसनीय आहे.
२) महाराष्ट्रात पावाला झालेला विरोध चवीचा नव्हता, तर रोटीबंदीचा होता. त्यामुळे पाव खाणे ही काही काळ सामाजिक सुधारणेची कृती ठरली.
३) खान्देशात खाद्यसवयींतील बदलामागे रेल्वे, कापूस व गिरणी यांनी घडविलेली वेळेची नवी शिस्त हे महत्त्वाचे कारण आहे.
४) पाव परका व भाकरी देशी ही विभागणी पिकांच्या इतिहासाच्या आधारे टिकत नाही.
५) रंजक कथा खाणाऱ्यांची व विकणाऱ्यांची नावे जपतात, राबणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, नावे त्यांतून गळतात.

जळगाव, धुळे व भुसावळ येथील जुन्या बेकऱ्या, रेल्वे वसाहती, गिरणी कामगारांची कुटुंबे आणि खेड्यांतील वृद्ध स्त्रिया यांच्याकडे या इतिहासाची बरीचशी साधने आजही मौखिक स्वरूपात उपलब्ध आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवल्यास स्थानिक इतिहासलेखनास मोलाची भर पडेल. हे काम पुढच्या पिढीवर सोपविता येणारे नाही; कारण सांगणाऱ्यांची पिढी थोडकीच उरली आहे.